पाच पॉइंट एकची फणी

पवनीत कॉम्प्युटरचे दोनच उपयोग होतात, असं टिकारामचं मत होतं आणि कोणी विचारलं नसलं तरी तो ते सांगत असे. एक, लग्नपत्रिका छापणे. दोन, पोरांच्या मोबाइलमध्ये गाणी भरून देणे. तिसरा उपयोग साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकट्या टिकारामला ठाऊक होता. बाकीच्यांच्या डोक्यात, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, शेण भरलेलं होतं. गोंदिया वेगळा निघून जिल्हा अर्धा झाला तेव्हाही तो म्हणाला होता, की मूर्खांची वाटणी काही नीट झाली नाही, तिकडे कमी गेले.

अंगाने काटकुळा, खिशात दोन पेन, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरच्याने आंघोळ केलेली नाही. चौकातला पानठेलेवाला त्याला लांबून येताना पाहून उगाच सुपारी कातरायला घ्यायचा, म्हणजे बोलायला नको. टिकारामला वाटायचं, आपला दरारा आहे.

घर विणकराचं. आजा मागावर गेला, बाप मागावर म्हातारा झाला. टिकाराम मात्र दहावी होऊन विणकर संघाच्या पवनी शाखेत, डिझाइनच्या खोलीत कारकून म्हणून चिकटला. काम असं: चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी समोर ठेवायची आणि पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर कुठे कुठे भोक पाडायचं याची यादी करायची. मागाच्या माथ्यावर जकार्ड बसवलेलं असतं, त्यातून हे पत्ते एकामागून एक सरकतात. जिथे भोक, तिथला धागा वर उचलला जातो. एका पदराला तीन-चारशे पत्ते लागतात. एक भोक चुकलं की मोराची चोच मोराच्याच शेपटीला लागते आणि विणकराला ते साडी अर्धी झाल्यावर दिसतं. अशी एक यादी हाताने करायला टिकारामला पंधरा दिवस लागायचे. अठरा वर्षं त्याने हेच केलं.

मग दोन हजार सालाच्या सुमारास त्याच्या डोक्यात आलं, की हे काम कॉम्प्युटर करील. दर शनिवारी एसटीने नागपूरला जाऊन तो प्रोग्रामिंग शिकला. वर्गात सगळी त्याच्या निम्म्या वयाची पोरं, त्याच्या इंग्रजीला फिदीफिदी हसणारी. त्याने त्यांना खिजगणतीतही धरलं नाही. वर्षभर शिकला, दोन वर्षं घरी बसून लिहिलं, आणि दोन हजार तीनच्या दिवाळीत 'पदर' नावाचा प्रोग्राम तयार झाला. पडद्यावर नक्षी काढा, बटण दाबा, भोकांची यादी दहा मिनिटांत छापून हातात. इथे मात्र टिकारामला मान द्यावा लागतो, द्यायची इच्छा नसली तरी. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीचा करवतीच्या दातांसारखा काठ, करवती काठ, तीन धोट्यांनी (धागा नेणाऱ्या नळ्यांनी) विणतात, काठाचा धागा अंगात जाऊन अडकतो आणि परत फिरतो. हे ओळखणारा दुसरा प्रोग्राम तेव्हा त्याच्या तरी पाहण्यात नव्हता.

बिघडलं ते पुढच्या वर्षी. एका संस्थेने 'पदर'ची सीडी आपल्या जुन्या विंडोज ९८ च्या कॉम्प्युटरमध्ये घातली. टिकारामने प्रोग्राम लिहिला होता एक्सपीवर, तपासला होता एक्सपीवर. जुन्या मशीनवर तो कसाबसा चढला, चालला, पण छापताना यादीचा पहिला रकाना कागदाबाहेर गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळी भोकं एकेक घर सरकली आणि अकरा साड्यांचे काठ वाया गेले. विणकरांनी टिकारामच्या नावाने शंख केला. त्याने जन्मभर लोकांच्या चुका काढल्या होत्या. आपली चूक चारचौघांत निघाल्यावर तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही.

नवव्या दिवशी त्याने इन्स्टॉलर नव्याने लिहायला घेतला. इन्स्टॉलर म्हणजे सीडीतला तो पहिला प्रोग्राम, जो मूळ प्रोग्रामला कॉम्प्युटरमध्ये नेऊन जागेवर बसवतो. टिकारामने ठरवलं, की या इन्स्टॉलरने काहीही हलवण्याआधी कॉम्प्युटरला विचारायचं: तुझं विंडोज कोणतं? प्रत्येक विंडोजचा आतून एक नंबर असतो. ९८ चा चार पॉइंट दहा, एक्सपीचा पाच पॉइंट एक. नंबर चुकीचा निघाला तर तिथूनच परत पाठवायचं, म्हणजे निम्मं चढून निम्मं मोडायचा प्रश्न नाही. विचार सोळा आणे बरोबर होता. जगभरचे शहाणे लोक हेच करतात.

पण टिकाराम जगभरचा नव्हता, विणकराचा होता. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, फणीच्या दातांतून ओवतात. ऐंशीच्या फणीला ऐंशीचाच ताणा. शंभराचा ओवायला गेलात तर धागे घासून तुटतात. साठाचा घातलात तर कापड जाळीदार होतं. त्याचा बाप नंबर न बघता फणी मागायला आलेल्या माणसाला ओट्यावरूनच शिव्या देऊन पिटाळायचा. लहानपणापासून टिकारामने हेच पाहिलं होतं, की नंबर जुळला तर जुळला, नाहीतर चालता हो. म्हणून त्याने लिहिलं: नंबर बरोबर पाच पॉइंट एक असेल, तरच आत घ्यायचं. पाच पॉइंट एक किंवा त्याच्या पुढचं, असं नाही. बरोबर पाच पॉइंट एक. एवढं लिहून तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याला बापाची आठवण झाली.

परत पाठवताना काय बोलायचं यावर त्याने इन्स्टॉलरपेक्षा जास्त वेळ घालवला. शेवटी पडद्यावर यायचं ते असं: 'थांबा. तुमचा कॉम्प्युटर या कामाच्या लायकीचा नाही. योग्य कॉम्प्युटर घेऊन या.' खाली एकच बटण, 'बरं'. कुठल्या मशीनवर मराठी फॉन्ट नसतो, मग अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून त्याने सगळा मजकूर चित्र करून घातला. प्रोग्राम एकाच विंडोजवर चालायचा, पण अपमान मात्र सगळ्या विंडोजवर स्वच्छ वाचता यायचा. एवढी काळजी त्याने दुसऱ्या कशाची घेतली नव्हती.

दुर्गाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, चहा ठेवता ठेवता पडद्यावरचं वाचलं. "इतकं तोडून कायले बोलता जी लोकायले?"

"मी कुठं बोलून राहिलो? सीडी बोलते."

"सीडीले कोनं शिकवलं मंग?"

टिकारामने चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

चार वर्षं सुखाची गेली. जो तो एक्सपीच वापरायचा. मग बाजारात नवी मशिनं आली, त्यांचे आतले नंबर सहावर गेले, आणि फोन सुरू झाले. आंधळगावहून, मोहाडीहून, भंडाऱ्याहून. "टिकारामजी, कालच नवा कोरा कॉम्प्युटर आनला, अन तुमची सीडी म्हनते लायकीचा नाई." टिकारामला या फोनांनी गुदगुल्या व्हायच्या. नवं दिसलं की जिभल्या चाटत धावणारी ही जमात, हिला कोणीतरी 'थांबा' म्हणायलाच हवं होतं. तो शांतपणे सांगायचा, की नवा असल्याने लायकी येत नसते; मशीन वापस करा, नाहीतर त्याच्यावर पत्रिका छापा. आणि संध्याकाळी पानठेल्यावर तो किस्सा रंगवून सांगायचा.

नव्या विंडोजवर 'पदर' खरंच मोडतो का, हे त्याने एकदाही करून पाहिलं नाही. पाहायला नवं मशीन लागलं असतं, आणि त्याच्याकडे होतं ते एक्सपीचं, दुर्गाबाईने विणलेल्या टोपड्याखाली झाकलेलं. दुसऱ्याच्या दारात जाऊन 'जरा बसू देता का' म्हणणं टिकारामच्या रक्तात नव्हतं. शिवाय त्याला खात्री होती. तपासल्याशिवाय खात्री असणारी माणसं आपल्याकडे फार, आणि त्यांचा आवाज नेहमी मोठा असतो.

दोन हजार अकरा साली संघाला सरकारकडून बारा नवे कॉम्प्युटर मिळाले. बाराही विंडोज सेव्हनचे, आतला नंबर सहा पॉइंट एक. संघाचे अध्यक्ष भैयाजी यांनी आयुष्यात माऊस धरला नव्हता, पण बारा खोक्यांबरोबर फोटो काढून घेतला होता. आता या बारा मशिनांवर डिझाइनचा एकच प्रोग्राम बसणार होता. नागपूरची एक कंपनी आपला घेऊन येणार होती, आणि टिकारामला पत्र आलं, की गुरुवारी भंडाऱ्याला येऊन 'पदर' चालवून दाखवा. ज्याचा चालेल, त्याचा राहील.

पत्र टिकारामने दोनदा वाचलं. नोकरी उरली होती चार वर्षं. आठ वर्षांत त्याने दोनशे दहा नक्ष्या 'पदर'मध्ये भरल्या होत्या, त्याच्या बापाच्या पिढीचे काठ, बंद पडलेल्या मागांवरून उतरवून घेतलेले पदर. त्या फायली 'पदर'शिवाय कशातच उघडत नव्हत्या. प्रोग्राम गेला तर नक्ष्या गेल्या, आणि टिकाराम नावाच्या कारकुनाने जन्मात काय केलं, याचा मागमूस राहिला नसता. हे सगळं त्याला कळत होतं. पण बायकोला तो म्हणाला, "नागपूरवाल्याची फजिती पाहाले जातो."

रविवारी लेक आली. स्वाती साकोलीला एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. बापाचं नाक आणि आईची जीभ घेऊन जन्मलेली. पत्र वाचून तिने टोपडं काढलं, मशीन लावलं आणि इन्स्टॉलर उघडून बसली. दोन मिनिटांत तिला ती ओळ दिसली.

"बाबा, गुरुवारी हा चढनारच नाई. इथं 'बरोबर' काहून लिवलं? 'इतकं किंवा याच्या वरचं' लिवा ना."

"ते समजून लिवलं. फनी नंबराचीच लागते."

"ही फनी नाई जी बाबा. शाळेत पोट्टं घालताना सहा वर्षं पुरी पाहिजेत म्हनतात. सात वर्षांचा आला तर मास्तर त्याले हाकलते का, का तू सहाचा नाईस म्हनून?"

दुर्गाबाई स्वयंपाकघरातून हसली. टिकारामला ते हसणं लेकीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"जुन्याले अडवा," स्वाती म्हणाली. "तो खरंच मोडते, तुमी पाह्यलं आहे. पन नव्याले अडवू नका. त्याले सांगा, का बा तुझ्यावर तपासलं नाई, तुझ्या जबाबदारीवर जा. अन जाऊ द्या. एक चिन्ह बदलाचं आहे, बाबा. चाला माझ्यासंगं साकोलीले, आमच्या इथल्या नव्या मशीनवर चालवून पाहू."

"तू पोट्ट्यायले बटनं दाबाले शिकवते," टिकाराम म्हणाला. "मले नको शिकवू. नवं आलं म्हनून मी काय दरवर्षी दार फोडून रुंद करू? मशीननं 'पदर'च्या मापाचं यावं."

स्वातीने मशीन बंद केलं, टोपडं घातलं आणि संध्याकाळच्या बसने निघून गेली. बापाशी वाद घालण्यात तिने आपली शाळा, कॉलेज आणि लग्नाची बोलणी एवढं सगळं घालवलं होतं. आता तिला त्याचा कंटाळा आला होता. पण जाताना तिने गुरुवारची रजा टाकायचं मनात ठरवलं.

गुरुवारी संघाच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं, त्यांत रजा टाकून आलेली स्वातीही. नव्या कॉम्प्युटरला हळदीकुंकू लागलेलं, पुढ्यात नारळ. पडद्यावरचं सगळ्यांना दिसावं म्हणून भिंतीवर पांढरी चादर टांगून प्रोजेक्टर लावलेला. आधी नागपूरच्या कंपनीचा नीलेश उभा राहिला, गळ्यात ओळखपत्र अडकवून, भंडाऱ्यात आपण हरवू असं त्याला वाटत असावं. त्याच्या प्रोग्राममध्ये साडी गोल गोल फिरत होती. रंग बदलत होते. मागे संगीतही होतं. एका म्हाताऱ्या विणकराने करवती काठ काढून दाखव म्हटलं, तर नीलेशने पैठणीचा काठ काढला आणि म्हणाला, सर, सेमच असतं. टिकारामने अंगठ्याने पेनाचं टोपण काढलं, घातलं. त्याला असे शत्रू आवडायचे.

मग त्याची पाळी आली. त्याने सीडी पुढे केली. शुभकार्य आहे म्हणून पहिलं बटण अध्यक्षांनीच दाबायचं, असा हॉलमध्ये आग्रह झाला. भैयाजींनी टोपी सारखी केली, स्वातीने दाखवलं तिथे बोट टेकवलं, नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि चादरीवर हातभर अक्षरांत उमटलं: थांबा. तुमचा कॉम्प्युटर या कामाच्या लायकीचा नाही.

हॉलमध्ये कोणीतरी फुसकन हसलं. मग सगळेच.

"आमी लायकीचे नाई म्हनता, टिकारामजी?" भैयाजींचा चेहरा लालबुंद झाला. "सरकारनं देल्ले आहेत हे!"

अशा वेळी शहाणा माणूस चुकलो म्हणतो. टिकाराम ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "मशिनं वापस करा जी. जुनी एक्सपीची मागवा. 'पदर' चोख आहे." बारा नवे कॉम्प्युटर सरकारला परत करून बारा जुने मागवायचे! हे तो विनोदाने म्हणाला नाही. नीलेश खाली बघून आपलं ओळखपत्र नीट करत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

भैयाजींनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. दोनशे दहा नक्ष्या, टिकारामच्या डोळ्यांसमोर, त्या कागदावर संपत होत्या.

स्वाती बापाकडे न बघता पुढे झाली. तिने सीडीतल्या इन्स्टॉलरवर उजवं बटण दाबलं, एक खिडकी उघडली, तिच्यातल्या एका चौकोनात खूण केली, यादीतून 'एक्सपी' निवडलं आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवला. हिरवी पट्टी सरकायला लागली. शेवटापर्यंत सरकली. 'पदर' उघडला. तिने करवती काठ काढला, यादी छापली, आणि त्या म्हाताऱ्या विणकराने कागद डोळ्यांजवळ धरून पहिल्या रकान्यापासून भोकं मोजली. "बरोबर आहे," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. भैयाजींनी विचारलं, काय केलं पोरी?

"काई नाई जी. मशीनले सांगतलं का इन्स्टॉलरनं विचारलं तर मी जुना आहो असं खोटं बोल."

"वा! म्हंजे दर वेळी असंच खोटं बोलाचं, झालं!" भैयाजी खूश झाले. खोटं बोलून काम होतं हे ऐकून ते नेहमीच खूश होत. 'पदर' मंजूर झाला. नीलेशने संगीतासकट आपलं सामान आवरलं. चहा आला.

टिकारामला आनंद व्हायला हवा होता. जे वाचवायला आला ते वाचलं होतं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. खोटं बोलणाऱ्याला त्याच्या दाराने आत घेतलं, आणि आत गेल्यावर काहीच मोडलं नाही. एक भोकसुद्धा सरकलं नाही. म्हणजे मोडणार नव्हतंच. तीन वर्षं जे जे कॉम्प्युटर परत पाठवले, त्यांतल्या कशावरच मोडणार नव्हतं.

तो कपबशी हातात धरून उभा असताना एक बाई जवळ आल्या. उषाबाई, मोहाडीकडच्या एका गावातल्या विणकर, संघाच्या सभासद. पदर डोक्यावरून घट्ट, बोलणं हळू.

"भाऊ, एक इचारू का? हा नव्या मशीनवर आजच चालाले लागला, का आधीपासून चालत होता?"

टिकारामला खोटं बोलता आलं असतं. हॉलमध्ये आत्ताच त्याची स्तुती झाली होती. "आधीपासून," तो म्हणाला.

उषाबाईंनी मान हलवली. "दोन वर्षं झाले. आमच्या बचत गटानं नवा कॉम्प्युटर आनला होता, तुमच्या सीडीसाठीच. माही सून डिंपल, थे तीन महिने कागदावर नक्ष्या काढाले शिकली होती. सीडीनं नाई म्हटलं, मंग तिनं तुमाले फोन केला. तुमी म्हटलं, वापस करा, नाईतर पत्रिका छापा. आमी दुकानदाराशी भांडून वापस केला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर टिकाराम उलटून बोलला असता, त्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्याने बशीतला चहा परत कपात ओतला.

घरी जाऊन त्याने टोपडं काढलं, ती ओळ उघडली आणि बदलली. स्वाती म्हणाली होती तसं एकच चिन्ह. जुन्याला अडवायचं, नव्याला सांगून सोडायचं. लायकीची वाक्यंही काढली. त्या जागी लिहिलं, की या विंडोजवर तपासणी झालेली नाही, तरीही पुढे जायचं का? आणि 'बरं'च्या जागी 'हो' आणि 'नको' अशी दोन बटणं केली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. दुर्गाबाईने वाचून पाहिलं, आणि या खेपेला चहात साखर जास्त घातली.

शनिवारी तो नवी सीडी घेऊन उषाबाईंच्या गावी गेला. कोणाच्या दारात स्वतःहून जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी. वाटेत तीन माणसांना पत्ता विचारला आणि तिघांनाही आधी नमस्कार केला. माग पुढच्या खोलीत होता, पण माथ्यावरचं जकार्ड उतरवून कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलं होतं. मागावर आता उषाबाई साधे पंचे विणत होत्या.

त्यांनी पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि न मागता एक वही आणून ठेवली. चौकटीचे कागद शिवून केलेली. डिंपलची. टिकारामने सवयीने पेन काढलं, चुका काढायला. पहिल्या पानावर करवती काठात गुंफलेली धानाची लोंबी. दुसऱ्यावर तळ्यातली कमळं, पण अशी की पाकळी काठात संपते आणि देठ अंगात जातो, तीन धोट्यांचा खेळ पुरता समजून घेतलेला. त्याने प्रत्येक घर मोजलं. पाचव्या पानापर्यंत गेला, परत पहिल्यावर आला. त्याच्या दोनशे दहांत असं एकही नव्हतं. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"कुठं असते आता थे?"

"नागपूरले. एका दुकानात साड्यायच्या घड्या करते. सुरतच्या साड्या. तवापासून म्हने, आपल्याच्यानं काई होत नाई."

"फोन लावून देता का?"

उषाबाईंनी लावून दिला. पलीकडे दुकानाचा गलका होता. टिकारामने नाव सांगितलं, पवनीचा, 'पदर'वाला. मग म्हणाला, की चूक माझी होती, तुमचा कॉम्प्युटर चांगला होता, सीडी दुरुस्त करून आणली आहे, वही पाहिली, या परत, मी स्वतः बसवून देतो.

"काका," डिंपल म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं ना तवा, का लायकी नाई. मंग आमी तसंच मानलं." पलीकडून कोणीतरी तिला हाक मारली. "ठेवू का जी? गिऱ्हाईक उभं आहे."

फोन बंद झाला. पवनीत, संघात, पानठेल्यावर, घरीसुद्धा, जन्मभर कोणी टिकारामचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं. या पोरीने घेतलं होतं.